दुपट्ट्याखालची बोटं

रविवार होता, म्हणून मी बोललो नाही. फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सुनेनं फोन घेतला, नुसतं "हो... हो..." म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामाजी, डॉक्टर सायेब गेले. सकाळीच. वर्ध्याहून फोन होता." मी हातातली शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले, दुसरी शेंग उचलली. ती घाबरली असावी. माझ्या बाजूला बसून म्हणाली, "मामाजी, आजच्या दिवस तरी बोला ना. मोकळं व्हा." मी मान हलवली. रविवारी बोलायचं नाही, असा मला ज्या माणसाचा हुकूम होता, तोच माणूस गेला होता. मग हुकूम मोडायची परवानगी मागायची कोणाला?

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी ओरडणारा माणूस. आर्वीच्या बाजारात कापसाचा आणि सोयाबीनचा लिलाव पुकारण्यात माझी उमर गेली. मी पुकारायला लागलो की एसटी डेपोतल्या ड्रायव्हरला कंडक्टरची घंटी ऐकू येत नाही, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे, पण मला आवडतं. हा आवाज आज गळ्यात आहे तो डॉ. सुखदेव तागडे यांच्यामुळे. गावातले लोक त्यांना कानवाले डॉक्टर म्हणायचे. खरं तर त्यांच्या पाटीवर कान, नाक, घसा असं तिन्ही लिहिलं होतं, पण आपल्याकडे एकाच अवयवावर माणसाचं नाव पडतं, तसं त्यांचं पडलं. माझं नाव वसंता, आणि त्यांनी मला दिलेलं नाव भोंगा.

आमची ओळख झाली ती माझ्या नाइलाजानं. त्या हंगामात कापूस भरपूर आला होता. गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली होती आणि मी सकाळपासून उभा. आधी आवाजाला खरखर आली. मग सकाळी बरा, दुपारी बसलेला, असं व्हायला लागलं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजाऱ्यानं सांगितलेला ओवाही झाला. आणि एक दिवस, ऐन बोलीत, तोंड उघडलं तर आतून काहीच निघेना. व्यापारी हसायला लागले. ज्या शेतकऱ्याचा ढीग होता त्या बिचाऱ्याला वाटलं, मी त्याचा माल नापास करून राहिलो. "काऊन भाऊ, का झालं मालाले?" म्हणून तो माझा हात धरून विचारत होता आणि मला त्याला उत्तर देता येत नव्हतं. संध्याकाळी बाजार समितीतला एक जण सहज म्हणाला, "वसंता, दुसऱ्या कोणाले उभं करू का दोन-चार दिवस?" सहजच म्हणाला तो. पण मला दुसरं येतं काय? शेत नाही, शिक्षण नाही. आवाज गेला की वसंता गेला.

डॉक्टरांचा दवाखाना डेपोच्या मागच्या गल्लीत. आत गेलो तर हा माणूस इतक्या हळू बोलतो की मला टेबलावर ओणवं व्हावं लागलं. मला मनातून रागच आला. कानाच्या डॉक्टरनं एवढ्या बारीक आवाजात बोलावं? बहिऱ्यांना काय ऐकू जात असेल? मी बसक्या आवाजात ते विचारलंही. तर हसून म्हणाले, "माया आवाज ज्याले ऐकू आला तो पास. त्याले मी घरी पाठवतो." मग विचारलं, "खर्रा खातो?" सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा आमच्याकडे कोण खात नाही? मी म्हटलं, "कधीमधी." त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "आपली तीन बोटं जोड, उभी धर, अन् तोंडात घाल." मी घातली. दोन गेली, तिसरं बाहेरच; खर्र्यानं जबडा आखडला होता. "हे तुयं कधीमधी," म्हणाले.

ही तीन बोटांची परीक्षा पुढे सगळ्या आर्वीत पसरली. आजही पानठेल्यावर चारचौघं उभे असले की कोणीतरी हसत हसत तीन बोटं तोंडात घालून पाहतो, आणि ज्याची जात नाहीत तो गुपचूप हातातला खर्रा खिशात टाकतो. फेकत नाही, खिशात टाकतो. डॉक्टर म्हणायचे, "तेवढा वेळ तरी दाढेखाली नाई ना. चालते."

मग त्यांनी माझी जीभ कापडात धरली, बाहेर ओढली आणि एक बारीक नळी आत घातली. समोर टीव्हीसारखा पडदा. "ईऽऽ म्हण." मी म्हटलं. उभ्या जन्मात ज्याच्या जोरावर खाल्लं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दोन इवल्याशा पट्ट्या, उघडतात आणि मिटतात. एवढंसंच? मला वाटलं होतं आत काहीतरी मोठं असेल. त्यातल्या एका पट्टीवर पांढरा डाग होता, चुन्याचं बोट लागल्यासारखा. डॉक्टर त्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे.

"आवाज जाईन का माया?"

"जाऊ शकते," ते म्हणाले. "अन् आवाज ही दुसरी गोष्ट झाली. हा डाग काय हाये ते पह्यले पाहा लागते. तुकडा काढून तपासाले पाठवू. चांगलं निघालं तर चांगलं सांगीन, वाईट निघालं तर वाईट सांगीन. खोटं नाई सांगत मी तुले."

माझा पारा चढला. एवढा शिकलेला माणूस, धीराचे दोन शब्द सांगता येत नाहीत? "गोड बोलता येत नाई का तुमाले?" मी म्हटलं. त्यांनी शांतपणे हात धुतले, पुसले. "येते ना. पण लिलावात जो लय गोड बोलते तो भाव पाडाले आला असते. तुले मायापेक्षा जास्त माईत." हे यांना कसं माहीत? तेव्हा कळलं, यांचे वडील आमच्याच बाजारात हमाल होते. कापसाची बोदरी, म्हणजे भलं मोठं पोतं, पाठीवर घेऊन चढवायचे. लहानपणी शाळा सुटली की डॉक्टर तिथंच बोदऱ्यांवर बसून अभ्यास करायचे. माझ्या बापालाही ओळखायचे. माझा बाप बैलबाजारातला दलाल होता. "तुया बाप बोलतच नव्हता कधी," डॉक्टर म्हणाले, "तू कोणावर गेला काय माईत!"

ऑपरेशन वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात झालं. डॉक्टर स्वतः आले, स्वतः केलं. टेबलावर झोपलो, वर तो दिवा, आणि मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज नाही. डॉक्टर माझ्या कानाशी वाकले आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "सोमवारी कोण पुकारून राह्यला रे तुया जागेवर?" मी सांगितलं, अमका. "कसा हाये त्याचा आवाज?" मी म्हटलं, "बकरीवानी." ते हसले, मी हसलो, आणि हसता हसताच झोप लागली. नंतर तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस... ते मी सांगत नाही. बायकोनं त्या दिवसांत किती नवस बोलले, ते तिचं तिला माहीत. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "कॅन्सर नाई. पण तू त्याच्या रस्त्यावर उभा होता. खर्रा आज बंद. उद्यापासून नाई, आज. अन् आवाज वाचवाचा असन तर आता अजिबात बोलाचं नाई. मी सांगीन तवाच तोंड उघडाचं." बायको तिथंच ढसाढसा रडली. मी रडलो नाही. बोलायचं नाही म्हटल्यावर रडायचं की नाही, ते विचारायचं राहून गेलं होतं.

आता पुढची फजिती ऐका. मला वाटलं, बोलायचं नाही म्हणजे जोरात बोलायचं नाही. ओरडणाऱ्या माणसाच्या हिशोबानं कुजबुजणं हे काही बोलणं नव्हे. घरी आलो आणि कुजबुजायला लागलो. पाणी दे, कुजबुजून. पंखा लाव, कुजबुजून. आणि माणसाची खोड अशी की समोरचा कुजबुजला की आपणही कुजबुजतो. बायको कुजबुजायला लागली, पोरगा कुजबुजायला लागला, दूधवाला दारात येऊन कुजबुजून हिशोब सांगायला लागला. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून नुसती कुजबूज ऐकू यायची. त्यांची खात्रीच पटली की माझं काही खरं नाही. त्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या आणि दारातच पदर डोळ्याला लावला. मी त्यांना कुजबुजून सांगितलं, "काकू, मी ठीक हाओ." त्या आणखीनच रडल्या.

ठरल्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घातली, पडद्याकडे पाहिलं, आणि चेहराच बदलला. पट्ट्या लालभडक, सुजलेल्या. "का केलं तू?" मी निष्पाप चेहऱ्यानं कुजबुजलो, "काईच नाई, सायेब." आणि तो हळू बोलणारा माणूस, ज्याचा आवाज टेबलाच्या पलीकडे जात नव्हता, असा कडाडला की बाहेरचे पेशंट उभे राहिले. "कुजबुजला! अरे बाप्पा, इतके दिवस हा कुजबुजून राह्यला! अरे, कुजबुजणं म्हणजे बिरेक दाबून गाडी ओढणं होय! त्यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं!" आतून वहिनी धावत आल्या. दवाखान्याच्या मागेच त्यांचं घर होतं. वहिनींनी लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचा एवढा आवाज ऐकला म्हणे. मग डॉक्टरांनाच ठसका लागला. वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, तुमचा घसा दुरुस्त करता करता यांचा जाईन."

मला राग अनावर झाला होता. त्यांचा नाही, माझाच. बोलता येईना, कुजबुजता येईना, सांगायचं कसं की मी मुद्दाम नाही केलं? मग मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यांचा हात ओढून दुपट्ट्याखाली घेतला आणि त्यांची बोटं धरली. बैलबाजारात दलाल असंच करतात. भाव तोंडानं सांगत नाहीत, आजूबाजूच्यांनी ऐकू नये म्हणून. दुपट्ट्याखाली हातात हात घालायचा, एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पंजा धरला की पाच. माझ्या बापाची सगळी उमर त्यात गेली. आणि त्याचा एकच नियम होता, दुपट्ट्याखाली खोटं सांगायचं नाही. तोंडानं माणूस काहीही बोलेल, पण हातात हात देऊन खोटा भाव दिला तर त्याला बाजारात उभं करत नसत.

डॉक्टरांनी आधी चमकून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं बोदऱ्यांवर बसून अभ्यास करणाऱ्या पोराचंच असावं. "अरे, हे तं मी लहानपणी पाह्यलं हाये," म्हणाले. आणि तिथल्या तिथं आमचा सौदा ठरला. डॉक्टरांनी हात पुढे केला की घसा कसा आहे हा सवाल. एक बोट दाबलं तर बरा आहे. दोन, तर खरखर आहे. तीन, तर काहीतरी बिघडलंय. "अन् पंजा?" मी नुसत्या डोळ्यांनी विचारलं. ते विचार करून म्हणाले, "पंजा म्हणजे चहा सांग."

त्यानंतर डॉक्टरांनी मला हळूहळू परत बोलायला शिकवलं. हो, शिकवलंच. श्वास पोटातून घ्यायचा, गळा आवळायचा नाही, आवाज फेकायचा पण फाडायचा नाही. घोटघोट पाणी. माइकवरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले समितीकडून माइक घे. मी म्हटलं, माइक लावून कोणीही पुकारेल, मग मला कायले ठेवतील? शेवटी सौदा अर्ध्यावर तुटला. माइक नाही, पण आठवड्यातून एक दिवस पूर्ण मौन. रविवारी बाजार बंद, तसा गळाही बंद. मरेपर्यंत. "कोणाच्या मरेपर्यंत?" मी विचारलं. "जो आधी मरन त्याच्या नंतरही," ते म्हणाले. थट्टेत म्हणाले होते.

परत पुकारायला उभा राहिलो त्या दिवशी डॉक्टर दवाखाना सोडून बाजारात आले. वजनकाट्याजवळ, पार लांब उभे. मला दिसत होते. मी तोंड उघडलं... आणि आवाज आला. पहिल्यासारखा नव्हता, जरा जाड झाला होता, पण गेला थेट वजनकाट्यापर्यंत. मग एका व्यापाऱ्यानं टाळी वाजवली. लिलाव संपल्यावर डॉक्टर जवळ आले आणि काहीच न बोलता हात पुढे केला. मी दुपट्टा टाकला, एक बोट दाबलं. "खरं?" म्हणाले. मी म्हटलं, "दुपट्ट्याखाली खोटं चालत नाई, सायेब." त्यांचे डोळे भरून आले होते. धुळीनं, म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या ओसरीवर. वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये स्टूल. मी मौनात आणि डॉक्टरही जवळपास मौनातच. म्हणायचे, आठवडाभर लोकांच्या कानात डोकावतो, एक दिवस माझ्या कानालाही सुट्टी पाहिजे. वहिनी आम्हाला 'दोन मुके' म्हणायच्या. ते पेपर वाचायचे, मी रस्ता पाहायचो, मधूनच त्यांचा हात पुढे यायचा, मी बोट दाबायचो. पंजा धरला की ते आत तोंड करून त्या बारीक आवाजात "चहा" म्हणायचे, आणि वहिनींना तो ऐकू जायचा. आम्हाला मात्र कधी समजलं नाही, चूल इतकी आत असून कसा ऐकू जातो.

पण रविवार म्हणून पेशंट थोडेच थांबतात! कोणाच्या कानात किडा गेलेला, कोणाच्या घशात मासोळीचा काटा. एकदा एक म्हातारी आली, कानात लसूण घालून कढवलेलं तेल ओतून. कान दुखत होता म्हणून ओतलं आणि आता दुप्पट दुखतोय म्हणून आली. डॉक्टरांनी कान साफ केला, औषध दिलं आणि म्हणाले, "माय, तेल अन् लसूण भाजीत घालत जाय. भाजी चांगली होते." ती म्हणाली, "भाजीत बी घालतो बाप्पा." मी तिथंच बसलो होतो, बोलता येत नव्हतं, पोट दाबून हसलो.

आणि एकदा कारंज्याकडच्या वस्तीवरची एक गोंड बाई आली, कडेवर पोरगी. पोरीनं खेळता खेळता नाकात हरभऱ्याचा दाणा घातलेला. दाणा नाकात फुगतो, जितका उशीर तितका घट्ट बसतो. आईनं घरी काडी घालून काढायचा प्रयत्न केलेला, त्यामुळे पोरगी डॉक्टरांना हात लावू देईना. चिमटा पाहिला की किंकाळी. आई तिला तिच्या बोलीत समजावत होती. डॉक्टरांनी चिमटा ठेवून दिला. म्हणाले, "बाई, हे काम तुयंच हाये. तिची मोकळी नाकपुडी बोटानं दाब. तोंडाले तोंड लाव, पापी घेतो तसं. अन् एक जोरात फुंकर मार." बाईनं संशयानं पाहिलं, पण तोंड लावलं. पोरीला वाटलं आई लाडच करतेय. एक फुंकर, दुसरी फुंकर... आणि दाणा सुटला तो सरळ आईच्या गालावर. पोरगी हसायला लागली. आई रडत रडत हसायला लागली. डॉक्टर तिला म्हणाले, "पाह्य, तू डॉक्टर झाली." मला त्या वेळी काहीतरी मोठ्यानं बोलावंसं वाटत होतं. रविवार होता. मी डॉक्टरांचा हात ओढला आणि पंजा दाबला. काय बोलणार दुसरं?

मागच्या हिवाळ्याआधी डॉक्टरांना खोकला झाला. दुसऱ्यांच्या घशात बॅटरी घालणारा माणूस स्वतःच्या छातीकडे पाहत नव्हता. न्यूमोनिया झाला, वर्ध्याला नेलं, मशीनवर ठेवलं. मशीन लांबलं तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घातली. ती नळी त्यांनी स्वतः किती जणांना घातली असेल! तिच्यातून श्वास जातो, आवाज जात नाही. मी भेटायला गेलो तो गुरुवार होता. मला बोलायची मुभा होती आणि त्यांना नव्हती. मी खूप बोललो. बाजाराचं सांगितलं, सोयाबीनच्या भावाचं सांगितलं, बकरीवानी आवाजाच्या माणसाचं सांगितलं. डोळ्यांनी ते हसत होते. अंगाची नुसती काडी झाली होती. मग मी दुपट्टा काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून, जसा ते मला इतकी वर्षं विचारायचे तसा, तळहात पुढे केला. कसं आहे?

त्यांनी एक बोट दाबलं.

एक. म्हणजे बरं आहे. ज्या माणसानं पहिल्या भेटीत मला तोंडावर सांगितलं होतं की आवाज जाऊ शकतो, ज्यानं आयुष्यभर पेशंटला खोटा धीर दिला नाही, तो दुपट्ट्याखाली माझ्याशी खोटं बोलला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली नाही. माझा बाप असता तर म्हणाला असता, याला बाजारात उभं करू नका. मी उठायला लागलो तर त्यांनी हात सोडला नाही. सगळा पंजा धरला, त्या हातात होतं तेवढं बळ लावून. चहा सांग. सिस्टर आत आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो आणि दोघांचेही डोळे वाहत होते. ती म्हणाली, "काका, पेशंटले त्रास नका देऊ." मी खाली कॅन्टीनमध्ये गेलो, दोन चहा सांगितले आणि दोन्ही मीच प्यालो. पुढच्या आठवड्यात तो रविवारचा फोन आला.

डॉक्टरांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांना आदरांजली वाहायचा कार्यक्रमही रविवारीच होता. मांडव भरला होता. लोक एकेक करून उठून डॉक्टरांबद्दल बोलत होते. मग सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझं नाव घेतलं. "आता ज्यांचा आवाज डॉक्टरांनी वाचवला, ते आपले वसंतराव दोन शब्द बोलतील." सगळ्यांच्या माना वळल्या. मी उठलो. माइकपर्यंत गेलो. त्या माइकवरून किती भांडलो होतो आम्ही! समोर डॉक्टरांचा हार घातलेला फोटो. काय काय बोलायचं होतं मला... मी फोटोला हात जोडले आणि परत येऊन बसलो. मागून कोणीतरी म्हणालं, "काय माणूस हाये बे, एवढा मोठा आवाज अन् दोस्तासाठी दोन शब्द नाई!" मी ऐकलं. वळून त्याला काही म्हणणार होतो, तेही म्हणता येत नव्हतं. संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "बरं केलं भाऊ, बोलले नाई ते. बोलले असते तर हे फोटोतून रागवले असते." तरी त्या माणसाचं बोलणं मनात सलत राहिलं. म्हणून हे लिहिलं. त्यानं वाचावं.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी पाय आपोआप डेपोमागच्या गल्लीकडे वळले. दवाखान्याला कुलूप. ओसरीवर वेताच्या दोन्ही खुर्च्या होत्या तिथंच होत्या. मी माझ्या खुर्चीत बसलो. बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर आल्या. मला पाहून थबकल्या. त्या हळूच येऊन डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या. रस्त्यानं एक एसटी गेली. मग वहिनींनी माझ्या मांडीवरच्या दुपट्ट्याचं टोक उचललं आणि खाली हात पुढे केला. त्यांना हे ठाऊक आहे, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. चहा आत कसा ऐकू जायचा ते मला तेव्हा कळलं. त्या खिडकीतून दुपट्ट्याखाली हलणारे आमचे हात पाहत असायच्या.

घसा कसा आहे, असं त्या विचारत होत्या. माझा घसा इतका दाटून आला होता की श्वास घेणं जड जात होतं. खरं सांगायचं तर तीन बोटं दाबायला हवी होती. मी एक दाबलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. काही न म्हणता त्यांनी माझा सगळा पंजा धरला, घट्ट, आणि मग चहा ठेवायला आत गेल्या.